प्रश्नाला मुदत हवी

बिझनेस ॲनालिस्ट म्हणजे नव्या प्रणालीकडून संस्थेला नेमके काय हवे ते शोधून मांडणारी व्यक्ती. तिच्या कामाविषयी बोलताना आपण बहुधा लिखाणाविषयी बोलतो. गरजांचा दस्तऐवज, युजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या नजरेतून थोडक्यात लिहिलेली गरज), प्रक्रियेच्या आकृत्या, नियमांचे तक्ते ही त्या कामाची डोळ्यांना दिसणारी रूपे असतात आणि त्याचे मूल्यमापनही त्यांवरूनच होते. प्रत्यक्षात या कामाचा मोठा काळ वाट पाहण्यात जातो. एखादा नियम लिहून काढायला अर्धा तास पुरतो. पण तो नियम ज्या व्यक्तीला पक्का माहीत आहे ती रजेवर असते, परतल्यावर तिला वरिष्ठांची संमती लागते, वरिष्ठांना कायदा विभागाचे मत हवे असते, आणि कायदा विभाग आणखी एक प्रश्न जोडून मूळ प्रश्न परत पाठवतो. अर्ध्या तासाच्या त्या मजकुरामागे तीन आठवडे गेलेले असतात. ते कोणाच्याही वेळापत्रकात दिसत नाहीत, कारण त्या काळात त्या प्रश्नावर कोणीच काम करत नसते. प्रोग्रामर, टेस्टर आणि जाहीर झालेली तारीख मात्र थांबलेली नसते.

या व्यवसायात बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, ॲनालिस्टला लागणारे प्रकल्प व्यवस्थापनाचे कौशल्य म्हणजे हे तीन आठवडे आधीच दिसणे. नोकरीच्या जाहिरातींत 'प्रकल्प व्यवस्थापनाचे ज्ञान आवश्यक' अशी ओळ सर्रास असते. नवे ॲनालिस्ट तिचा अर्थ दोन प्रकारे घेतात. काहींना वाटते की, वेळापत्रकाचे एखादे सॉफ्टवेअर यायला हवे; काहींना वाटते की, ही पुढे कधीतरी प्रोजेक्ट मॅनेजर होण्याची पूर्वतयारी आहे. मला दोन्ही अर्थ अपुरे वाटतात. मॅनेजर झाले नाही तरी, आणि वेळापत्रकाचा तक्ता कधी स्वतः काढला नाही तरी, ॲनालिस्टला आपल्या प्रश्नांचे व्यवस्थापन करावेच लागते. एखादी गोष्ट समजून घ्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणीतरी आखावा लागतो; ॲनालिस्टने तो आखला नाही तर दुसरे कोणीही आखत नाही.

या दोन्ही व्यवसायांच्या संस्था वेगळ्या आहेत. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची स्थापना अमेरिकेत १९६९ मध्ये झाली. बिझनेस ॲनालिस्टांची आंतरराष्ट्रीय संस्था त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळाने, २००३ मध्ये, कॅनडात उभी राहिली. पुढे २०१४ मध्ये पहिल्या संस्थेनेही बिझनेस ॲनालिसिससाठी स्वतःची परीक्षा सुरू केली, आणि सीमारेषा कुठे आखायची हा वाद अनेक कार्यालयांत अजूनही चालतो. त्या वादात मला फारसा रस नाही. मला महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट: ॲनालिस्टांच्या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ज्ञानाची सहा क्षेत्रे मांडली आहेत, आणि त्यांतले पहिले क्षेत्र आहे विश्लेषणाच्या कामाचे नियोजन आणि त्यावर देखरेख. लोकांशी बोलून गरजा काढून घेणे हे दुसरे क्षेत्र. आपण बहुतेक जण पहिले क्षेत्र ओलांडून थेट दुसऱ्यात उतरतो, कारण बैठका सुरू झाल्या की काम सुरू झाल्यासारखे वाटते.

नियोजनाची सुरुवात अंदाजापासून होते, आणि अंदाज देताना ॲनालिस्टकडून श्रम आणि कालावधी या दोन गोष्टींची सर्वाधिक सरमिसळ होते. 'या विभागाच्या गरजा लिहायला किती दिवस लागतील?' या प्रश्नाला 'पाच दिवस' असे उत्तर दिले, तर ते पाच दिवस आपल्या टेबलावरचे असतात. त्या पाच दिवसांच्या कामाला कॅलेंडरवर पाच आठवडे लागू शकतात, आणि मॅनेजरला हवे असतात ते हे कॅलेंडरवरचे आठवडे. म्हणून मी प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहिते: माझे किती तास जातील, आणि पहिल्या भेटीपासून अंतिम संमतीपर्यंत किती दिवस लागतील. या दोन आकड्यांमधली तफावत जितकी मोठी, तितके ते काम इतरांच्या हातात असते. आणि जे इतरांच्या हातात आहे त्याची तयारी सर्वांत आधी सुरू करावी लागते.

कालावधीचा अंदाज एकाच आकड्यात देऊ नये, हेही जुनेच शहाणपण आहे. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी १९५८ मध्ये जी पर्ट पद्धत तयार झाली, तिच्यात प्रत्येक कामासाठी तीन आकडे मागितले जात: सगळे सुरळीत झाले तर, नेहमीसारखे झाले तर आणि सगळे बिघडले तर. मधल्या आकड्याची चौपट, अधिक दोन टोकांचे आकडे, आणि बेरजेला सहाने भागायचे. समजा, एका विभागाच्या नियमांवर संमती मिळवायला चांगल्या स्थितीत ६ दिवस, नेहमीच्या स्थितीत १० आणि वाईट स्थितीत २६ दिवस लागतील. हिशोब १२ दिवसांचा येतो. पण मला त्या १२ पेक्षा २६ हा आकडा जास्त उपयोगी वाटतो. २६ का, असे स्वतःला विचारले की खरे कारण बाहेर येते: संमती देणारी समिती महिन्यातून एकदाच भेटते. हे कारण एकदा कागदावर आले की त्यावर उपाय करता येतो. समितीच्या बैठकीची तारीख आधी विचारून त्याप्रमाणे मागे मोजत येता येते. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, माणसे आपल्या कामाचा अंदाज बांधताना तशाच पूर्वीच्या कामांचा अनुभव बाजूला ठेवतात आणि सगळे नीट होईल अशा कल्पनेवर तारीख देतात. वाईट स्थितीचा आकडा मागण्याची सवय मनाला तो पूर्वानुभव विचारात घ्यायला भाग पाडते.

त्यानंतर येतो क्रम. १९५७ च्या सुमारास ड्यूपॉंट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांतल्या तज्ज्ञांनी मिळून क्रिटिकल पाथची पद्धत विकसित केली. कोणते काम कशावर अवलंबून आहे याचे जाळे काढले, तर त्यातली एक साखळी सर्वांत लांब निघते. त्या साखळीतल्या कोणत्याही कामाला एक दिवस उशीर झाला की सबंध प्रकल्पाला एक दिवस उशीर होतो. बाकीच्या कामांना थोडीफार सवड असते. ही पद्धत सर्वसाधारणपणे कामांना लावली जाते. ॲनालिस्टने ती प्रश्नांना लावून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

'ग्राहकाची ओळख कशावरून ठरवायची?' हा प्रश्न आणि 'पावतीवर तारीख कोणत्या स्वरूपात छापायची?' हा प्रश्न आपल्या यादीत शेजारी शेजारी असतात, दोन्हींपुढे 'प्रलंबित' असेच लिहिलेले असते. पण पहिल्या प्रश्नाच्या उत्तराशिवाय माहितीची रचना ठरत नाही, रचनेशिवाय जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणण्याचे काम सुरू होत नाही, आणि त्या नोंदी आल्याशिवाय खरी चाचणी होत नाही. त्या प्रश्नाला सवडच नाही. पावतीवरच्या तारखेला कदाचित दोन महिन्यांची सवड आहे. तरीही पाठपुरावा बहुतेक वेळा उलटा होतो, कारण पावतीचा प्रश्न विचारणारे अधिकारी रोज फोन करतात आणि ओळखीचा प्रश्न अवघड असल्याने तो सगळेच टाळतात. मी ज्यांच्या हाताखाली घडले त्या एका मॅनेजर बाई प्रत्येक प्रलंबित प्रश्नापाशी थांबून एकच विचारत: 'याचे उत्तर उद्या मिळाले तर परवा कोणाचे काम सुरू होईल?' उत्तर 'कोणाचेच नाही' असे आले की तो प्रश्न यादीत खाली जाई. प्रश्न कोणी विचारला याने क्रम ठरत नसे. त्याच्या उत्तरावर कोण थांबले आहे याने ठरे.

अशी यादी ठेवणे हेच माझ्या मते ॲनालिस्टचे सर्वांत महत्त्वाचे व्यवस्थापकीय काम आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. बहुतेक प्रकल्पांत प्रलंबित मुद्द्यांची एक शीट असते आणि तिच्यात प्रश्न, विभाग आणि स्थिती असे तीन रकाने असतात. त्या शीटवरून काहीच हलत नाही. प्रश्नापुढे विभागाचे नाव असणे म्हणजे कोणाचेच नाव नसणे. तिथे एका व्यक्तीचे नाव हवे. उत्तराची तारीख हवी, आणि ती 'लवकरात लवकर' अशी नको, तर त्या उत्तरावर अवलंबून असलेले काम सुरू होण्याच्या तारखेपासून मागे मोजून काढलेली हवी. आणि मला ज्या रकान्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला आहे, तो आहे 'उत्तर न आल्यास'. दिलेल्या तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर आपण नेमके काय करणार, हे तिथे लिहायचे: काम थांबेल, अमुक भाग पुढच्या टप्प्यात जाईल, किंवा अमुक गोष्ट गृहीत धरून आपण पुढे जाऊ.

हा रकाना भरला की संभाषणाचा सूर बदलतो. 'कृपया उत्तर द्यावे' या स्मरणपत्राकडे व्यग्र माणूस दुर्लक्ष करू शकतो. 'गुरुवारपर्यंत आपले उत्तर आले नाही तर परताव्याची मर्यादा सर्व ग्राहकांना एकच धरून आम्ही रचना सुरू करू' या वाक्याकडे दुर्लक्ष करणे अवघड असते. त्यात धाक नसतो, परिणामाची आगाऊ माहिती असते, आणि उत्तर देणाऱ्यालाही ती हवीच असते. आपण गप्प राहिल्याने काय होणार आहे हे त्याला एरवी कोणी सांगितलेले नसते. मात्र या रकान्याचा वापर जबाबदारीने व्हायला हवा. मौन म्हणजे संमती नव्हे. जे गृहीत धरले ते मॅनेजरच्या आणि निर्णयाचा अधिकार असलेल्या व्यक्तीच्या नजरेसमोर असले पाहिजे, दस्तऐवजात ते नियम म्हणून न लिहिता गृहीतक म्हणूनच लिहिले पाहिजे, आणि चाचणीच्या वेळी ते वेगळे काढून दाखवले पाहिजे. पैसे, सुरक्षितता किंवा कायदा यांना स्पर्श करणाऱ्या प्रश्नांवर तर गृहीतक धरूच नये. तिथे काम थांबेल असेच लिहावे आणि खरोखर थांबवावे.

यादीच्या लांबीकडेही लक्ष ठेवावे लागते. जॉन लिट्ल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा एक नियम आहे: स्थिर गतीने चालणाऱ्या रांगेत सरासरी जितक्या गोष्टी असतात, त्या संख्येला दर आठवड्याला बाहेर पडणाऱ्या गोष्टींच्या संख्येने भागले की एका गोष्टीला सरासरी किती आठवडे थांबावे लागते ते कळते. प्रलंबित प्रश्न ४० असतील आणि आठवड्याला ८ सुटत असतील, तर एका प्रश्नाचा सरासरी मुक्काम ५ आठवड्यांचा. मग आज विचारलेला प्रश्न पुढच्या आठवड्यात सुटेल असे आश्वासन देण्याला अर्थ उरत नाही, निदान तो प्रश्न रांग मोडून पुढे आणल्याशिवाय तरी नाही. हा हिशोब मॅनेजरसमोर ठेवला की चर्चा 'ॲनालिस्टने जोर लावावा' इथून हलते आणि खऱ्या उपायांकडे येते: उत्तर देणाऱ्या व्यक्तीचा आठवड्यातला एक पूर्ण दिवस प्रकल्पाला मिळवता येईल का, काही निर्णय खालच्या पातळीवर सोपवता येतील का, काही प्रश्न या टप्प्यात विचारलेच नाहीत तर चालेल का. शेवटच्या उपायाला आपण फार कमी वापरतो. सगळे काही जाणून घेतले पाहिजे ही ॲनालिस्टची वृत्ती चांगली आहे, पण प्रत्येक प्रश्न रांगेत उभा राहतो आणि मागच्यांना थांबवतो.

माणसांच्या बाबतीत रासी तक्ता सगळ्यांना माहीत असतो: प्रत्यक्ष करणारा कोण, उत्तरदायी कोण, सल्ला कोणाचा घ्यायचा आणि कळवायचे कोणाला. त्याचा खरा उपयोग एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे उत्तरदायी व्यक्ती एकच असली पाहिजे या अटीत. विक्री आणि लेखा या दोन विभागांमध्ये येणारा सवलतीचा नियम घ्या. दोघेही सल्ला देतात, दोघेही हरकत घेतात, पण 'हा नियम असा' असे सांगण्याचा अधिकार कोणाचा, हे कोणी ठरवलेले नसते. अशा वेळी ॲनालिस्ट दोघांच्या मतांमध्ये मधला शब्द शोधत बसतो आणि नियम धूसर होतो. मधला शब्द शोधण्याऐवजी निर्णयाचा अधिकारी शोधून देण्याची मागणी मॅनेजरकडे करणे, हे व्यवस्थापनाचे कौशल्य आहे. जिला माहिती आहे ती व्यक्ती आणि जिला अधिकार आहे ती व्यक्ती बहुधा वेगळी असते, हेही नियोजनात धरावे लागते. पहिलीकडे आधी जायचे आणि तिने सांगितलेले घेऊन दुसरीकडे. बैठकांचा आकारही इथेच ठरतो. सहा जणांमध्ये परस्पर संवादाच्या १५ जोड्या होतात, बारा जणांमध्ये ६६. बारा जणांच्या बैठकीत एखादा बारीक नियम ठरवायचा प्रयत्न केला, तर तो ठरल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या आठवणीत वेगळा असतो.

गरजा आणि वेळापत्रक यांची फारकत झाली म्हणजे काय होते, याचे एक सार्वजनिक उदाहरण मला नेहमी अस्वस्थ करते. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी गाड्या पाठवण्याची नवी संगणकीय प्रणाली संपूर्ण शहरासाठी सुरू केली. आलेल्या कॉलची नोंद घेणे, जवळची गाडी शोधणे आणि तिला पाठवणे हे सगळे तिने करायचे होते. काही तासांतच गाड्यांची ठिकाणे आणि स्थिती यांच्या नोंदी चुकू लागल्या, एकाच घटनेसाठी दोन गाड्या गेल्या, दुसरीकडे एकही गेली नाही, आणि दुसऱ्याच दिवशी सेवेला बऱ्याच अंशी जुन्या पद्धतीकडे परतावे लागले. ४ नोव्हेंबरला प्रणाली बंद पडली आणि कारभार पुन्हा पूर्णपणे कागदावर आला. फेब्रुवारी १९९३ मधल्या चौकशी अहवालाने जी कारणे नोंदवली, ती वाचताना ॲनालिस्टने आपल्या कामाकडे पाहावे अशी आहेत. रचना अशी होती की, गाड्या कुठे आहेत आणि कोणत्या स्थितीत आहेत याची जवळजवळ अचूक माहिती तिला सतत हवी होती. सॉफ्टवेअर पूर्ण झालेले नव्हते आणि त्याची पुरेशी चाचणी झालेली नव्हती. नियंत्रण कक्षातल्या आणि गाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता आणि त्यांचे प्रशिक्षण अपुरे होते. आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेले वेळापत्रक पाळता येण्याजोगे नव्हते.

यातले 'जवळजवळ अचूक माहिती' हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचते. ही एक गरज होती आणि तिच्यामागे एक गृहीतक होते: घाईत असलेला कर्मचारी दर वेळी योग्य क्रमाने योग्य बटण दाबेल आणि रेडिओचा संदेश दर वेळी पोहोचेल. हे गृहीतक खरे आहे का, हे एखाद्या पाळीत गाडीवर बसून पाहता येण्याजोगे होते. पण तसे पाहायला वेळ लागतो, आणि तो वेळ नियोजनात आधी लिहिलेला नसेल तर तारीख जवळ आल्यावर कोणी देत नाही. निरीक्षणाचे दिवस मागणे, ते का हवेत हे सांगणे आणि ते वगळले तर कोणती जोखीम उरते हे लेखी ठेवणे, ही मला ॲनालिस्टच्या कर्तव्याची गोष्ट वाटते. तिथे संकोच करण्यासारखे काही नाही.

प्रकल्पाच्या व्याप्तीचे तुकडे पाडण्याच्या तंत्रात, ज्याला वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर म्हणतात, एक नियम शिकवला जातो: खालच्या सगळ्या तुकड्यांची बेरीज वरच्या कामाच्या शंभर टक्के असली पाहिजे. जे या रचनेत नाही ते प्रकल्पात नाही. हे तुकडे मॅनेजर पाडतो, पण शंभर टक्के झाले का हे ॲनालिस्टशिवाय सांगता येत नाही, कारण काय काय लागणार याचे चित्र त्याच्याकडे असते. सुटणारी कामे ठरलेली असतात. जुन्या नोंदींची सफाई सुटते. कोणाला काय दिसावे आणि काय बदलता यावे याचे अधिकार सुटतात. वर्षअखेरीस एकदाच चालणारे अहवाल सुटतात. नेटवर्क नसताना लोक काय करतील हे सुटते, आणि नवी पद्धत सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात येणारे शेकडो प्रश्न कोण हाताळणार हेही सुटते. गरजांची यादी हातात घेऊन मॅनेजरच्या तुकड्यांवरून एकदा सावकाश बोट फिरवावे. जिथे गरज आहे आणि काम नाही, किंवा काम आहे आणि गरज नाही, तिथे थांबावे. कामाचे एखाददोन दिवस यात जातात, आणि इतक्या कमी वेळात इतके मोलाचे दुसरे काम मला माहीत नाही.

बदलांचे व्यवस्थापन हा मोठा विषय, पण त्यातला ॲनालिस्टचा वाटा स्पष्ट आहे. समजा, एका ग्राहकाचा एकच मोबाईल क्रमांक असेल असे ठरले होते, आणि अर्ध्या वाटेवर मागणी आली की दोन क्रमांक नोंदवता यावेत. मागणी करणाऱ्याला वाटते की, पडद्यावर आणखी एक चौकट द्यायची आहे. पण ओटीपी कोणत्या क्रमांकावर जाणार? दोन ग्राहकांनी एकच क्रमांक दुसरा म्हणून दिला तर? क्रमांकावरून ग्राहक शोधणारा पडदा आता एकाऐवजी अनेक नावे दाखवणार का? संदेश दोन्हीकडे गेले तर त्यांचा खर्च दुप्पट होईल का? ज्या अहवालांत क्रमांकावरून दुहेरी नोंदी पकडल्या जातात त्यांचे काय? लिहून आणि तपासून झालेल्या चाचण्यांपैकी किती पुन्हा कराव्या लागतील? प्रत्येक गरज कोणत्या उद्दिष्टातून आली आणि ती कोणत्या रचनेत, कोड मॉड्यूलमध्ये आणि चाचणीत उतरली याचा माग आधीपासून ठेवला असेल, तर या प्रश्नांची उत्तरे एका दुपारी मिळतात. तो माग नसेल तर बदलाचा खर्च कोणालाच सांगता येत नाही, आणि किंमत माहीत नसलेला बदल सहज मंजूर होतो. ॲनालिस्टने बदलाला नकार देऊ नये. तो अधिकार त्याचा नाही. त्याने बदलाचा पूर्ण पसारा दाखवावा, म्हणजे ज्यांचा अधिकार आहे ते डोळे उघडे ठेवून हो किंवा नाही म्हणू शकतात.

काही जण म्हणतात की हे सगळे जुन्या, टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या प्रकल्पांसाठी ठीक. अजाईलमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्यांत सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धतीत, याची गरज नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे सतरा जणांनी अजाईलचा जाहीरनामा मांडला, आणि त्याने दस्तऐवजांच्या ओझ्यापेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त मोल दिले, हे चांगलेच झाले. अजाईलचाच एक प्रचलित प्रकार असलेल्या स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत बिझनेस ॲनालिस्ट असे पदच नाही. प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर एवढ्याच जबाबदाऱ्या आहेत. पण कायदा विभागाला उत्तर द्यायला लागणारे तीन आठवडे त्यामुळे कमी होत नाहीत. उलट, दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एका ठरावीक फेरीत, तीन आठवड्यांचा प्रश्न मावतच नाही, म्हणून तो स्प्रिंटच्या खूप आधी विचारावा लागतो. जुन्या पद्धतीत हा उशीर गरजांच्या लांबलचक टप्प्यात लपून जाई. आता तो दर दुसऱ्या सोमवारी उघडा पडतो. अजाईल संघात काम करणाऱ्या ॲनालिस्टला एकाच वेळी तीन काळांत वावरावे लागते: चालू स्प्रिंटमधल्या शंका, पुढच्या स्प्रिंटच्या स्टोरी आणि त्याच्याही पुढे तीनचार स्प्रिंटनंतर लागणारे निर्णय. यातल्या तिसऱ्यासाठी आठवड्यातले काही तास राखून ठेवले नाहीत, तर पहिले दोन सगळा वेळ घेतात. मी ते तास कॅलेंडरवर बैठकीसारखे लिहून ठेवते आणि कोणी मागितले तरी सहसा देत नाही.

मॅनेजर आणि ॲनालिस्ट ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे द्यावीत का, हा प्रश्न लहान प्रकल्पांत नेहमी येतो. पैशाच्या मर्यादेमुळे तसे करावे लागते, आणि मी तसे काम केलेही आहे. तरीही माझे मत प्रतिकूल आहे. मॅनेजरला प्रश्न मिटलेला हवा असतो, ॲनालिस्टला तो नीट मिटलेला हवा असतो; या दोघांच्या ओढाताणीतून चांगला निर्णय निघतो. दोघे एकाच डोक्यात राहायला आले की तारखेचा आवाज मोठा ठरतो, कारण तारीख सगळ्यांना दिसते आणि शंका एकट्यालाच. दोन्ही कामे करावीच लागली, तर निदान प्रगतीचे मोजमाप तरी बदलावे. 'गरजांचे काम ८० टक्के पूर्ण' या वाक्यातून काहीच कळत नाही. पाने ८० टक्के लिहून झाली असतील आणि उरलेल्या २० टक्क्यांत सगळे अवघड निर्णय साठलेले असतील. त्याऐवजी किती निर्णय हवे होते, किती झाले, उरलेल्यांपैकी किती निर्णयांना सवड उरलेली नाही, असे सांगावे. अहवालात हे तीन आकडे असले की अडचण कोठे आहे ते वरिष्ठांना विचारावे लागत नाही.

एक काम मात्र कोणाच्याच वेळापत्रकात आपणहून येत नाही, आणि ते म्हणजे प्रणाली सुरू झाल्यानंतर ज्या कारणासाठी ती केली ते साधले का हे पाहणे. प्रकल्प हा व्याख्येनेच तात्पुरता असतो. प्रणाली सुरू झाली, हस्तांतर झाले, की संघ पांगतो आणि मॅनेजर पुढच्या प्रकल्पावर जातो. अर्ज मंजूर व्हायला लागणारा वेळ निम्म्यावर आणायचा होता, तो आला का, हे सहा महिन्यांनी विचारणारे कोणी उरत नाही. आणि कोणी विचारले तरी बऱ्याचदा उत्तर देता येत नाही, कारण पूर्वी किती वेळ लागत होता हे कोणी मोजलेलेच नसते आणि जुनी पद्धत तोवर बंद झालेली असते. म्हणून विश्लेषणाच्या नियोजनात मी दोन ओळी सुरुवातीलाच घालून घेते आणि मॅनेजरकडून त्यांना तास मंजूर करून घेते. पहिली ओळ पहिल्या महिन्यातली: आजच्या पद्धतीने एका अर्जाला अर्ज आल्यापासून मंजुरीपर्यंत किती दिवस लागतात, त्याची मोजणी. दुसरी ओळ प्रणाली सुरू झाल्यानंतर सहा महिन्यांची: तीच मोजणी, त्याच व्याख्येने, आणि ती करणाऱ्या व्यक्तीचे नाव.